काळ्या-पांढऱ्या चित्रातलं म्हातारपण

कार्टून म्हटलं की आपल्या घरात काय होतं ते आठवून पाहा. पोरं टीव्हीसमोर बसतात आणि मोठी माणसं आपापल्या कामाला लागतात. मूल जेवत नसलं की कार्टून लावायचं, शेवटचा घास पोटात गेला की बंद करायचं. २००५ साली व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला, तोही आपण पोरांचाच सिनेमा म्हणून पाहिला. हलती चित्रं ही लहानांची वस्तू, असं आपण कधीचंच ठरवून टाकलं आहे.

आज मी ज्या दोन चित्रपटांबद्दल बोलणार आहे ते मोठ्यांसाठी काढलेले आहेत. दोन्ही २००६ सालचे. एक फ्रान्समधला, दुसरा आपल्या मुंबईतला. दोन्हींत काळ्या-पांढऱ्याचं राज्य आहे. आणि मला नवल वाटतं ते याचं, की एक आहे कधीच म्हातारं न होण्याबद्दल आणि दुसरा म्हातारं होण्याबद्दल. रेडिओवर चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच. पण या चित्रांत रंग कमी आहेत, तेवढीच माझी सोय.

फ्रेंच चित्रपटाचं नाव 'रेनेसान्स', दिग्दर्शक क्रिस्तियान वोल्कमन. गोष्ट २०५४ सालच्या पॅरिसची. अॅव्हलॉन नावाची एक बलाढ्य कंपनी लोकांना तारुण्य आणि सौंदर्य विकते. शहरभर तिच्याच जाहिराती. या कंपनीतली इलोना नावाची तरुण शास्त्रज्ञ पळवली जाते आणि तिला शोधायला कारास नावाचा पोलीस अधिकारी निघतो. इंग्रजी आवृत्तीत कारासला आवाज दिला आहे डॅनियल क्रेगनं, जो त्याच वर्षी पहिल्यांदा जेम्स बाँड म्हणून पडद्यावर आला. शोध घेता घेता कळतं, की अकाली म्हातारी होणाऱ्या मुलांच्या आजारावर काम करताना एका डॉक्टरच्या हाती अमरत्वाची किल्ली लागली होती. आता ती किल्ली इलोनाकडे आहे आणि तिला ती वापरायची आहे. शेवट सांगून टाकतो, कारण मला त्याबद्दलच बोलायचं आहे. ज्या मुलीला वाचवण्यासाठी कारासनं एवढी धडपड केली, तिच्यावर तो स्वतःच गोळी झाडतो. मरण नाहीसं झालं तर जगण्याला काय उरेल, हा प्रश्न तिथं पिस्तुलानं सोडवला जातो. मला ते उत्तर पटत नाही. पण एवढा मोठा प्रश्न कार्टूनमध्ये विचारला गेला, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

या सिनेमात राखाडी रंग जवळजवळ नाहीच. एक तर काळं, नाही तर पांढरं. कचारगडच्या गुहेत आत उभं राहून तोंडाकडं पाहिलं, तर उजेडात उभा असलेला माणूस नुसता काळा आकार दिसतो. नाक नाही, डोळे नाहीत, फक्त कड. 'रेनेसान्स'मधली माणसं अशीच दिसतात. खऱ्या नटांच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली संगणकानं टिपल्या आणि त्यावरून ही चित्रं घडवली. गुन्हेगारीच्या अशा अंधाऱ्या चित्रपटांना फ्रेंचमधला 'नॉयर' हा शब्द चिकटला. त्याचा अर्थच काळा. आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. गुरुदत्तचा १९५१ सालचा 'बाजी' किंवा राज खोसलांचा १९५६ सालचा 'सी.आय.डी.' ज्यांनी पाहिला, त्यांना अंधारातून पुढं येणारा अर्धा चेहरा चांगला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगतो. २०५४ सालच्या त्या पॅरिसमध्ये मुसलमान भेटतो तो गुंडांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून. अठ्ठेचाळीस वर्षं पुढचं पाहणाऱ्या कल्पनाशक्तीला एवढं एक पाऊल टाकता आलं नाही. असो.

आता मुंबईकडं येऊ. गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा चित्रपट. गीतांजली राव सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात शिकल्या. काहींनी त्यांना २०१८ च्या 'ऑक्टोबर' या हिंदी चित्रपटात रुग्णालयातल्या मुलीच्या आईच्या भूमिकेत पाहिलं असेल. 'प्रिंटेड रेनबो'ची निर्मिती, दिग्दर्शन आणि चित्रं, सारं त्यांचंच. २००६ मध्ये तो कान महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि तिथं त्याला पारितोषिकं मिळाली.

गोष्ट एवढीशी आहे. उंच इमारतीतल्या एका घरात एक म्हातारी आणि तिची मांजर. इथं राखाडी आहे, भरपूर आहे. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे तिचे दिवस. कोणी येत नाही, कोणी बोलत नाही. संवाद लिहायची गरजच पडत नाही. पण तिच्याजवळ आगपेट्यांचा साठा आहे. एखादी आगपेटी हातात घेऊन ती तिच्यावरच्या छापाकडं पाहत राहते आणि त्या छापातलं जग रंगांसकट उघडतं. म्हातारी आत शिरते. हिचा शेवट मी सांगणार नाही. पंधरा मिनिटांचाच तर आहे, स्वतः पाहा.

आगपेटीची ही निवड मला फार मोलाची वाटते. आमच्या सालेकसा तालुक्यात तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे गावोगावी उन्हात वाळणारे पुडे, आणि जिथं बिडी तिथं आगपेटी. घरातली सर्वांत स्वस्त वस्तू, आणि तरी तिच्यावर चित्र असायचंच. जहाज, घोडा, चित्ता. भिंतीवर तसबीर नसलेल्या घरातही चुलीपाशी हे एक रंगीत चित्र होतं. काड्या संपल्या की पोरं ते कापून जपत. छाप काढणाऱ्या चित्रकाराचं नाव कोणाला ठाऊक नसे. 'प्रिंटेड रेनबो'मध्ये त्या बिननावाच्या चित्रकारांना कोणी तरी प्रथमच मान दिला, असं मला वाटतं.

सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर पंधरा मिनिटांच्या एकवीस हजार सहाशे होतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी दहा हजार आठशे. एका म्हातारीच्या एकटेपणासाठी एवढं काम कोणी करावं? पोटच्या पोरांनी मोजले नसतील इतके तिचे क्षण इथं एकेक करून चितारले आहेत.

आगपेटीचं नातं तसं फार जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' काढला. आगकाड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायच्या. त्याआधी वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी अशीच चौकटी-चौकटीनं टिपली होती. म्हणजे आपल्याकडची हलती चित्रं जन्मली तीच काळी-पांढरी आणि आगकाडीची. पुढं १९३४ मध्ये प्रभातनं 'जंबू काका' काढला. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, डिस्नेकडच्या क्लेअर वीक्स यांनी तिथल्या मुलांना शिकवलं. मात्र सरकारी कामाचा मोठा भाग लोकांना शहाणं करण्यात गेला. लोकांना घाबरवणं, रडवणं, अंधारात नेऊन सोडणं हे त्या खात्याचं काम नव्हतं.

मराठीत खरं तर सामग्री तयार होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक 'काळा पहाड', नावातच काळोख! विज्ञानकथा म्हणाल तर १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नाव बदलून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली. तिच्याही नावात काळोख. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, नारळीकर २०२५ मध्ये. एकाकडं गुन्हा होता, दुसऱ्याकडं भविष्य. दोघांना एका चौकटीत आणणारा चित्रकार मराठीला भेटला नाही. हे काम पैशाचं आहे, मान्य. पण गीतांजली राव यांनी निर्मिती स्वतःच केली हेही लक्षात ठेवायला हवं. खरी अडचण अशी की आपल्याकडं प्रौढ माणूस चित्रांपुढं बसायला लाजतो.

गीतांजली राव यांनी पुढं 'बॉम्बे रोझ' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो २०१९ मध्ये व्हेनिसमध्ये दाखवला गेला. त्यात फुलं विकणारी कमला आहे आणि काश्मीरहून आलेला अनाथ सलीम आहे. सलीम टोळीचा म्होरक्या नाही, प्रेमात पडलेला साधा पोरगा आहे. हे ऐकून मला हायसं वाटलं, ते सांगायला नकोच. त्यातही एक म्हातारी बाई आहे, मिस डिसूझा. ती मुंबईच्या रस्त्यानं चालू लागते आणि भोवतीचे रंग विरत जातात. मोटारी जातात, घोडागाड्या येतात. 'प्रिंटेड रेनबो'त आठवणीचं जग रंगीत होतं. इथं आठवण काळी-पांढरी आहे आणि बाई मात्र त्यातून आरामात चालली आहे.