नंदादेवीच्या वाटेवर
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मागे आम्ही सहाजणी उत्तराखंडातलं नंदादेवी राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो होतो. जोशीमठच्या पुढे रैणी गाव लागतं. 26 मार्च 1974 रोजी गावातले पुरुष चमोलीला गेलेले असताना ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. महिला मंगल दलाच्या गौरादेवींसह 27 जणी जंगलात गेल्या आणि ठाम उभ्या राहिल्या. झाडं वाचली. 'चिपको'ची ही गोष्ट आपण शिबिरांतून नेहमी सांगतो. त्यानंतर काय झालं, ते सांगत नाही.

1982 साली वरचा डोंगराळ प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. मोहिमांचा कचरा, चोरटी शिकार ही कारणं खरीच होती. पण बंदी सरसकट आली. भोटिया कुटुंबांची चराई, वनौषधी गोळा करणं, मोहिमांबरोबरची हमाली, सगळंच थांबलं. 1998 साली लाता गावच्या पुढाकाराने लोकांनी उद्यानात शिरून आपला हक्क सांगितला. 'झपटो-छीनो' हे त्या आंदोलनाचं नाव. 2003 पासून परवाना काढून, ठरावीक वाटेने थोड्या पर्यटकांना जाता येतं.

आम्ही लात्यातल्या एका घरी उतरलो. दुसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर चढायला लागलो. लाता खरकला तंबू, मग चार हजार मीटरच्या वर धरांशी. मोनाल पाहिला, कड्यावर चरणारे भरल पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यात स्वयंपाकाचा विचार नव्हता!

परतल्यावर घरच्या बाईंना सगळं वर्णन करून सांगितलं. त्या पाठीवरचा गवताचा भारा उतरवत होत्या. म्हणाल्या, "दीदी, तुम्ही पाहिलंत ते मी नाही पाहिलं. सासरे मेंढ्या घेऊन जायचे. आता मुलगा पाहुण्यांना नेतो. मी गेले तर तुमचं जेवण कोण करणार?"

आम्ही गप्प झालो. निघताना मुक्कामाचे पैसे मुलाच्या हातात दिले. रांधणं, धुणं, पाणी तापवणं त्या बाईंचं, हे आम्हाला परतीच्या बसमध्ये आठवलं. आम्हाला, संघटनेतल्या बायकांना!

जंगल राखायलाच हवं. पण नियम ठरवताना आणि पैसे मोजताना तिथल्या बाईला कोण विचारतं? उद्या आपण मेळघाटला किंवा चांदोलीला जाऊ. तेव्हा वाघाची चौकशी करण्याआधी जेवण रांधणारीची चौकशी करूया. पैसे तिच्या हातात देऊया. आणि एक दिवस तिला आपल्याबरोबर वर चलण्याचा आग्रह करूया. त्या दिवशीचा स्वयंपाक आपण करू.