अमली पदार्थांचा खटला आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी मी जो विषय मांडणार आहे, तो कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या वयाच्या मुलांचा आपण आज गौरव केला, त्याच वयाची मुले अमली पदार्थ वाटल्याच्या आरोपावरून न्यायालयात उभी राहत आहेत. ती सर्व परक्यांचीच असतात, अशा भ्रमात राहणे आपणांस परवडणारे नाही. असा प्रसंग ओढवला म्हणजे घराची जी त्रेधा उडते, ती पुष्कळशी अज्ञानामुळे उडते. म्हणून कायदा काय सांगतो, ते प्रथम पाहू.

अफूविषयीचे १८५७ व १८७८ चे जुने कायदे आणि घातक औषधांविषयीचा १९३० चा कायदा रद्द करून १९८५ साली आजचा अधिनियम अमलात आला. लोकांत तो 'एनडीपीएस' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. २००१ च्या दुरुस्तीपासून शिक्षेचे मान पदार्थाच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत असेल तर तो अल्प, आणि २० किलोंहून अधिक असेल तर व्यापारी प्रमाणाचा. हेरॉइनच्या बाबतीत हेच आकडे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनच्या बाबतीत २ ग्रॅम व ५० ग्रॅम आहेत. अल्प प्रमाणास १ वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणास १० वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणास किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. शिवाय २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावयाचे. तेव्हा चिमूटभर पदार्थात पुष्कळशी पूड मिसळलेली असली, तरी ती सर्व पूड आरोपीच्या माथी येते.

तरुणांनी येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पैसे घेतले तरच गुन्हा, अशी समजूत सर्वस्वी चुकीची आहे. जवळ बाळगणे, नेणे, विकत घेणे हे सर्व या कायद्याने निषिद्ध आहे. चार मित्रांनी वर्गणी काढावी आणि एकाने सर्वांसाठी पुडी आणावी, हा त्यांच्या दृष्टीने स्नेह असेल. कायद्याच्या दृष्टीने ती खरेदी आहे आणि वाहतूकही आहे. कटात सामील झालेल्यास मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. आपली खोली वा वाहन जाणूनबुजून अशा कामास दिल्यासही तेच. औषधाच्या दुकानातील गोळ्याही यातून सुटत नाहीत. अल्प्राझोलम या कायद्याखाली येते आणि २०१८ पासून ट्रामाडोलही येते.

आता अटकेनंतरचे पाहू. इतर गुन्ह्यांत जामीन मिळेल अशी आशा असते. व्यापारी प्रमाणाच्या खटल्यात मात्र, आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो जामिनावर असताना पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटावी लागते. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेस १८० दिवसांची मुदत असते आणि न्यायालय ती १ वर्षापर्यंत वाढवू शकते. तोवर परीक्षा बुडते, नोकरी जाते, आणि मागाहून निर्दोष ठरला तरी ते दिवस परत येत नाहीत.

तथापि, कायदा कठोर आहे म्हणून आरोपी निराधार आहे असे नाही. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी अथवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी, हा त्याचा हक्क आहे आणि तो त्यास सांगितलाच पाहिजे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केले. अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, असे त्याच न्यायालयाने २०२० साली ठरविले. अटकेपासून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे बंधनकारक आहे. कोठडीतील कोणत्याही व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. म्हणून अशा वेळी "मी प्रकरण मिटवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती दागिने मोडून पैसा देऊ नये. पहिल्याच दिवशी जाणता वकील गाठावा. मोबाईलमधील संदेश पुसणे, पंचांना वळविणे असले उपाय कोणी सुचविले, तर त्यास दाराबाहेरची वाट दाखवावी. त्याने मुलगा सुटत नाही, उलट बापही अडकतो.

व्यसनात सापडलेल्या मुलासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारास गेली आणि ते तिने पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. लोकलज्जेपायी मुलाचे व्यसन झाकणारे आईबाप हेच दार आपल्या हातांनी लावून घेतात.

शेवटी आपल्या ज्ञातीविषयी दोन शब्द. वर्तमानपत्रात नाव छापून आले की आपण त्या घरी जाणे टाकतो, त्याच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडतो, धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज बाजूला सारतो. आरोप एकावर आणि शिक्षा साऱ्या घरास, तीही न्यायालयाच्या निकालाआधी! हा कोणता न्याय? अपराध्यास पाठीशी घाला असे मी म्हणत नाही. मुलांच्या हाती विष देऊन पैसा करणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे, मग तो आपल्या ज्ञातीचा असला तरी. पण अपराध ठरविण्याचे काम न्यायासनाचे आहे, पंगतीचे नव्हे.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, आपल्यातील वकील व डॉक्टर यांची एक लहान समिती नेमावी. तिच्याकडे आलेल्या कुटुंबाचे नाव कोठेही उच्चारले जाऊ नये. आणि भावंडाच्या आरोपावरून कोणाही विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती थांबणार नाही, असा ठराव याच संमेलनात मंजूर व्हावा. ज्ञातिसंस्था ही केवळ सुखाच्या प्रसंगी हारतुरे देण्यासाठी नसते. घरावर संकट आले असता त्या घराचा उंबरठा ओलांडून जाणारा कोणीतरी असावा, यासाठीच आपल्या वडीलधाऱ्यांनी ती उभारली.