वाईनगरीत आपले स्वागत असो

औषध कारखान्यांतून आलेल्या पाहुण्यांनो,

कृष्णाकाठच्या वाईनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. लीन पद्धतीने, म्हणजे फापटपसारा काढून, दस्तऐवज कसे सांभाळावेत, हा आपल्या दोन दिवसांच्या मेळाव्याचा विषय. त्यातले मला फारसे कळत नाही. पण कागदांचे म्हणाल, तर वाईकराला कोणी शिकवू नये! जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. नानांचे दप्तर तिथलेच. इतिहाससंग्राहक पारसनीसांच्या संग्रहातून ते पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. गेले ते गेलेच, असो.

इथल्या प्राज्ञपाठशाळेसाठी मात्र दोन मिनिटे जास्त घेतो. केवलानंद सरस्वतींनी ती उभी केली, तिथेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाल्यावर त्यांनी तो मुंबई-पुण्याला नव्हे, वाईतच वाढवला. पहिला खंड 1976 चा. कुठलीही नोंद उघडा, शेवटी लिहिणाऱ्याचे आडनाव असते. चुकले तर कोणाला विचारायचे, हे कळते.

आपल्या कारखान्यांत मात्र, असे ऐकतो, एसओपीतला, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीतला, एक शब्द बदलायचा तर कागद पाच-सहा टेबले फिरतो. सही सगळे करतात आणि वाचणारा पुढचा असेल असे प्रत्येकाला वाटते. ती टेबले जरूर कमी करा. उरेल तो वाचणारा ठेवा. बॅच रेकॉर्डमधला चुकीचा आकडा मात्र व्हाइटनरने झाकत नाहीत, एक रेघ मारून शेजारी सही-तारीख घालतात, हे ऐकून बरे वाटले. त्या रेघेला हात लावू नका.

आता क्षमायाचना. गावात खोल्या पुरल्या नाहीत. काही पाहुण्यांची सोय पाचगणीत करावी लागली. पसरणी घाटाने ज्यांचे पोट ढवळले, त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. सभागृहातले मागचे दोन पंखे फिरतात, वारा देत नाहीत. पंख्यांचे माईकवाल्याला सांगून ठेवले आहे.

मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांनी दोन्ही दिवसांचे जेवण दिले, औषध दुकानदारांनी पिशव्या, नगरपालिकेने पाण्याचा टँकर. गणपती घाटावरच्या मंडळाची पोरे रात्रभर सतरंज्या घालत होती. कोणाचे नाव राहिले असेल तर तेही आपलेच, रागावू नये.

शेवटची सूचना: पिशवीत कार्यक्रमपत्रिका दोन निघतील. पिवळी जुनी आहे, ती दारातल्या खोक्यात टाका. पांढरीप्रमाणे जेवण एक वाजता.