यंत्रहस्त आणि शिकाऊ हात



पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. शस्त्रक्रियेच्या विद्येसही तें लागू आहे. मात्र तेथें शिकणारा ज्या पाण्यांत उतरतो, तें पाणी म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी देह असतो. शिकाऊ हाताच्या पहिल्या चुका कोणीं सोसावयाच्या, हा या विद्येपुढील जुनाच प्रश्न आहे.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. तेथें विल्यम हॉल्स्टेड यांनीं या प्रश्नाला एक उत्तर घालून दिलें. निवासी वैद्यानें वर्षानुवर्षें रुग्णालयांतच राहावयाचें, गुरूशेजारीं उभें राहून हात चालवावयाचा, आणि जबाबदारी पायरीपायरीनें वाढवीत न्यावयाची. गुरूला शिष्याच्या हातांची गरज होती, आणि त्या गरजेंतच शिक्षण होतें.

यंत्रहस्तानें नेमकी हीच गरज कमी केली. अमेरिकेंत २००० सालीं मान्यता पावलेल्या ‘दा विंची’ यंत्राचेंच उदाहरण घ्या. रोबो म्हटलें, तरी तें स्वतःच्या बुद्धीनें कांहीं करीत नाहीं. शल्यवैद्य रुग्णापासून दूर एका आसनावर बसून बोटें हालवितो, आणि यंत्राचे हात तीच हालचाल रुग्णाच्या देहांत करतात. कॅमेराही तोच फिरवितो, आधाराचा जादा हातही तोच चालवितो. मग शिष्य बहुधा पाहतच बसतो. मॅथ्यू बीन या संशोधकानें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हीच अडचण दाखविली आहे : शिक्षण संपतें, अधिकार मिळतो, परंतु पुष्कळांचा हात तयार झालेला नसतो.

यावरील एक उपाय म्हणजे सिम्युलेटर, अर्थात् नकली यंत्र. एडविन लिंक यांनीं १९२९ सालीं वैमानिकांसाठीं जमिनीवरच राहणारें विमान तयार केलें. त्याच कल्पनेचा हा वैद्यकांतील वंशज. आसन तसेंच, मुठी तशाच. समोर मात्र रुग्ण नसून चित्र असतें. कड्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यावयाच्या, सुई ठराविक ठिपक्यांतून काढावयाची, गांठ मारावयाची. हत्यार दृष्टीआड गेलें किंवा सुई पडली, तर यंत्र नोंद घेतें. शिवाय यंत्रहस्ताच्या बहुतेक नमुन्यांत बोटांना स्पर्श कळत नाहीं; दोरा किती ताणला, हें डोळ्यांनींच ओळखावें लागतें. ही जाण कांहीं दोरे तोडल्यावर येते. ते दोरे चित्रांतले असलेले बरे.

हा सराव प्रत्यक्षांत उपयोगी पडतो काय? यंत्रहस्ताची थोरली बहीण म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. तिच्यासंबंधीं येल विद्यापीठांत सोळा निवासी वैद्यांवर झालेला प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. सराव केलेल्यांनीं पित्ताशय सोडविण्याचें काम २९ टक्के लवकर केलें. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयास इजा होण्याचा किंवा भलताच भाग भाजण्याचा संभव पांचपट अधिक आढळला. यांतील मर्म निराळेंच आहे. सराव इतके तास करा, अशी अट तेथें नव्हती. अनुभवी शल्यवैद्यांची पातळी गांठीपर्यंत करा, अशी होती. तास सर्वांचे सारखे असतात, हात सारखे नसतात.

अर्थात् चित्रांतला रुग्ण दगावत नाहीं. कोठें थांबावें, यंत्र बाजूला सारून पोट केव्हां उघडावें, हा विवेक गुरूच्या सहवासांतच येतो. परंतु सुई धरण्याचे धडे आधींच गिरविलेले असतील, तर गुरूचा वेळ त्या विवेकासाठीं मोकळा राहील, आणि आसनही शिष्याच्या हातीं निश्चिंतपणें देतां येईल.

आपल्या घरांत कोणावर अशी शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें, तर यंत्र कोणतें, एवढेंच विचारून थांबूं नये. तें चालविणाऱ्यानें सराव कोठें केला, आणि कोणत्या कसोटीस उतरेपर्यंत केला, हेंही विचारावें. या प्रश्नांत उद्धटपणा नाहीं; चांगल्या शल्यवैद्याला तो आवडेल.