वाट पाहण्याची किंमत कोणी मोजायची?



एकदा लावून वर्षानुवर्षे उत्पन्न देणाऱ्या, म्हणजे बहुवर्षायू पिकांच्या शेतीविषयी अलीकडे बरेच बोलले जाते. १९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी या विचाराला ‘पर्माकल्चर’ हे नाव दिले. नाव नवे असले, तरी वस्तू आपल्याला परकी नाही. गोव्यातील कुळागर पाहावे. वर माड-पोफळी, पोफळीवर चढलेली मिरी, तिच्याखाली केळ, आणि अगदी खाली अननस, हळद, सुरण. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाटाने आपोआप उतरत येते. एकाच जमिनीवर उन्हाचे तीन-चार थर वापरले जातात. जमीन उघडी पडत नाही, म्हणून पावसात धुपतही नाही.

या पद्धतीचे अर्थशास्त्र सोपे आहे. हंगामी पिकाला दरवर्षी नांगरट, बियाणे आणि खत लागते. म्हणजेच दरवर्षी नवे कर्ज लागते. एक पाऊस चुकला की पीक जाते आणि कर्ज मात्र उरते. खोल मुळांचे झाड अशा वर्षी निदान जगते. धान्याच्या बाबतीतही आता हा मार्ग खुला होत आहे. चीनच्या युनान प्रांतातील शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील रानभाताशी संकर करून बहुवर्षायू भात तयार केला आणि २०१८ साली तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका लावणीवर चार वर्षांत सलग आठ पिके निघाली. हंगामाला हेक्टरी सरासरी ६.८ टन भात मिळाला. दर वेळी नव्याने लावलेल्या भाताचे उत्पन्न ६.७ टन होते. फुटव्याच्या पिकात श्रम सुमारे ५८ टक्क्यांनी वाचले.

परंतु येथेच समाजवाद्याने थबकले पाहिजे. वाचलेले श्रम कोणाचे? स्वतःच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबाला तो विसावा आहे. लावणीच्या मजुरीवर पावसाळा काढणाऱ्या भूमिहीन स्त्रीला मात्र ती बेकारी आहे. तंत्र एकच, पण मालकी बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

मग लहान शेतकरी झाडे का लावीत नाही? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत. ते अज्ञानी आहेत, हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही. ज्वारी चार महिन्यांत घरात येते. काजूला तीन-चार वर्षे लागतात, कलमी आंब्याला पाच, आणि उंच जातीच्या माडाला त्याहूनही अधिक. झाड वाढते तोवर पोट थांबत नाही आणि सावकाराचे व्याजही थांबत नाही. ज्याच्याजवळ शिल्लक आहे तोच वाट पाहू शकतो. वाट पाहण्याची ऐपत हेही एक भांडवलच आहे, आणि इतर भांडवलाप्रमाणेच त्याचेही वाटप विषम आहे. वाटेकऱ्याची स्थिती याहून बिकट. पुढच्या मृगाला जमीन आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आंबा कोणासाठी लावायचा?

हा प्रश्न सुटतच नाही असे नाही. १९८२ साली मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ संस्थेने दक्षिण गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला. साधारण एकरभर जमिनीत आंबा-काजूची कलमे, बांधाला जळण-चाऱ्याची झाडे, आणि झाडे मोठी होईपर्यंत ओळींच्या मधे धान्य व भाजीपाला, अशी त्याची रचना होती. वाट पाहण्याच्या वर्षांत त्याच जमिनीतून भाकरी निघाली पाहिजे, हे त्यातले मर्म. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी फळबाग जोडली, तेव्हा आणखी एक पाऊल पडले. आपल्याच शेतात खड्डा खणणाऱ्या अल्पभूधारकाला मजुरी मिळू लागली. वाट पाहण्याची किंमत काही अंशी समाजाने उचलली.

तथापि दोन उणिवा राहिल्या. एक, ज्याला जमीनच नाही त्याच्या वाट्याला फक्त खड्ड्याची मजुरी आली. बाग दुसऱ्याची झाली. दोन, बाग म्हणजे एकच पीक, असे समीकरण रूढ झाले. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात भूजल खोल जात राहिले आणि दुष्काळी वर्षांत उभ्या बागा वाळल्या. बहुवर्षायू पीक आणि बारमाही पाणी पिणारे पीक यांतला भेद विसरता कामा नये. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने हा भेद ओळखला होता. तेथे पाणी जमिनीवर नव्हे, तर माणशी वाटले गेले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही हिस्सा मिळाला, आणि उसाला मज्जाव झाला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्याच्या समारंभावर समाधान मानू नये. पहिली मागणी अशी की, झाड फळावर येईपर्यंतची सर्व वर्षे, जगलेल्या झाडांच्या हिशेबाने, कुटुंबाला मजुरी मिळावी. दुसरी हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील प्रलंबित दावे निकाली निघावेत, वाटेकऱ्याला झाडाच्या आयुष्याशी सुसंगत असा लेखी करार मिळावा, आणि सातबाऱ्यावर राबणाऱ्या स्त्रीचे नाव लागावे. तिसरी पाण्याची: त्याचे वाटप माणशी व्हावे. आणि श्रम वाचवणारे वाण येतील, तेव्हा भूमिहीनांच्या पर्यायी कामाची तरतूद त्याच योजनेत असावी.

झाड लावणे हे भविष्यावर विश्वास ठेवण्याचे कृत्य आहे, असे नेहमी म्हटले जाते. गरिबाचा भविष्यावर विश्वास नाही, हा त्याचा दोष नव्हे. त्याला भविष्याची शाश्वती कोणी दिलेली नाही. ती मिळवून देणे हे राजकारणाचे काम आहे.