पाणीवाली बाई
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



कमिटीने मला ‘आमदार कसा असावा’ हा विषय दिलाय आणि वेळ दहा मिनिटं. त्यामुळे मी एकच नाव घेते : मृणालताई गोरे. आपल्यापासून तीनच स्टेशनं पलीकडे, गोरेगावात त्यांनी काम केलं.

ताईंचा जन्म १९२८ चा. मेडिकलचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत उतरल्या. १९५८ मध्ये पती बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. तरीही १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा गोरेगावात पाण्याचे फार हाल होते. ताईंनी बायकांना सोबत घेऊन मोर्चे काढले, अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या. लोकांनी त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवलं.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. महागाईविरुद्ध अहिल्याताई रांगणेकरांसोबत बायकांचा लाटणं मोर्चा काढला. आणीबाणीत आधी भूमिगत, मग तुरुंगात. १९७७ मध्ये खासदार, १९८५ मध्ये पुन्हा आमदार, काही काळ विधानसभेत विरोधी पक्षनेत्या.

आपण म्हणतो, ‘आमचा आमदार विरोधी पक्षातला, तो काय करणार?’ त्याला उत्तर ऐका. पोटातली मुलगी ओळखून गर्भपात करण्याविरुद्ध ताईंनी १९८६ मध्ये विधानसभेत खासगी विधेयक मांडलं. बाहेर महिला संघटना आणि डॉक्टर मंडळी हा प्रश्न लावून धरत होतीच. शेवटी सरकारनेच १९८८ मध्ये कायदा केला. देशातला असा पहिला कायदा महाराष्ट्राचा. केंद्राचा आला तो १९९४ मध्ये.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. कमाल जमीन धारणा कायद्यातली जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी वापरा, ही मागणी घेऊन ताई आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले. त्यातून नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीला हजारो कुटुंबांना हक्काची घरं मिळाली. तीही तुमच्या-आमच्यासारखी, सहकारी सोसायट्यांमधली.

ताई २०१२ मध्ये गेल्या. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट घेते. नळाचा प्रश्न त्यांना कधी किरकोळ वाटला नाही आणि विधानसभा कधी लांबची वाटली नाही. पण त्यांच्यामागे हंडे घेऊन येणाऱ्या बायका होत्या, हे विसरू नका. लोक घरात बसले, तर चांगला आमदारही एकटा पडतो.

आणि आपल्याकडे? कोरम नाही म्हणून जनरल बॉडी अर्धा तास तहकूब होते, मग सातआठ जण सगळ्या बिल्डिंगचे निर्णय घेतात. पाण्याचा प्रेशर कमी झाला की मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर शंभर मेसेज!

तेव्हा मंडळी, पुढच्या सभेला प्रत्येक फ्लॅटमधून एक जण तरी या. तरुण मुलांनाही आणा. प्रश्न विचारायची सवय तिथूनच लागते. मग आमदारालाही विचारता येतं.