उरलेल्या कॅप्सूलचा डबा



देवणी तालुक्यात मी बरीच वर्षं दवाखाना चालवला. खेड्यात कुणाच्या घरी रोगी बघायला गेलो की माझी नजर आधी कोनाड्यातल्या डब्याकडे जायची. त्यात बामची बाटली असते, सुईदोरा असतो, आणि अर्धी वापरलेली एक पट्टी असते. अमॉक्सिसिलिनच्या तीन-चार कॅप्सूल, मागच्या पावसाळ्यात थोरल्याचा घसा धरला होता तेव्हाच्या. ताप उतरला, पोरगं खेळायला लागलं, उरलेल्या कॅप्सूल ठेवून दिल्या. "टाकून कशाला द्यायच्या साहेब, पैशाच्या हैत." आणि आता धाकटीचं नाक वाहतंय म्हणून तीच पट्टी बाहेर निघालेली असते.

आज मला या डब्याबद्दलच बोलायचं आहे.

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत पेनिसिलिन सापडलं. आपल्याकडे 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध देशात तयार होऊ लागलं. अमॉक्सिसिलिन त्यामानानं अलीकडचं, 1972 पासूनचं. जिवाणू वाढताना स्वतःभोवती एक भिंत बांधतो. हे औषध ती भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते, म्हणून आपल्याला ते सहसा सोसतं. पण विषाणूलाही ती भिंत नसते. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे सगळे विषाणूचे आजार. धाकटीच्या सर्दीवर त्या तीन कॅप्सूल काही करणार नाहीत. ती चार दिवसांनी बरी होईल, कॅप्सूल दिली तरी आणि नाही दिली तरी.

फ्लेमिंग यांनी हा डबा फार आधी ओळखला होता, असं मला नेहमी वाटतं. 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या निमित्तानं केलेल्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो मनानंच पेनिसिलिन विकत घेतो, पण कमी घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता औषध लागू पडत नाही. बायको दगावते. औषध शोधणाऱ्या माणसानं सन्मानाच्या प्रसंगी ही गोष्ट सांगावी, याचं मोल मला फार वाटतं.

आता तुमच्या गोठ्यात येतो. देवणीचं नाव आपल्या जनावरांनी देशभर नेलं. वन्नेरा, बाळंक्या, शेवरा हे या गाई-बैलांचे प्रकार मला माझ्या रोग्यांनीच शिकवले. गाईला दगडी झाली, कास सुजली, की पशुवैद्यक सडात ट्यूब सोडतात. त्यात पुष्कळदा पेनिसिलिनच्या घराण्यातलंच औषध असतं. त्या दिवसांतलं दूध विरजून बघितलं असेल तर दही नीट लागलं नाही हेही तुम्ही पाहिलं असेल. विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. दुधात उतरलेल्या औषधानं तेही मारले. म्हणून ट्यूबच्या पाकिटावर लिहिलेले किंवा पशुवैद्यकांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते दूध घरात घेऊ नये आणि डेअरीलाही घालू नये. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याला अशा दुधानंही त्रास होऊ शकतो.

जे विरजणाच्या भांड्यात झालं तेच आपल्या आतड्यात होतं. तिथेही अन्न पचवायला मदत करणारे चांगले जिवाणू असतात, आणि औषधाला चांगला-वाईट हा भेद कळत नाही. म्हणून अमॉक्सिसिलिन घेताना पोट बिघडतं, मळमळतं, दोन-तीन पातळ जुलाब होतात. कुणाला तोंडात पांढरा थर येतो, कुणा बाईला अंगावरून पांढरं जातं आणि खाज सुटते. बहुतेक वेळा हे औषध संपलं की आपोआप थांबतं. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. पण पाण्यासारखे जुलाब लागोपाठ होत असतील, किंवा शौचावाटे रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका, डॉक्टरांकडे या. हा त्रास औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवू शकतो.

पुरळाचं थोडं वेगळं आहे. औषध सुरू केल्यावर चार-आठ दिवसांनी मुलाच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठतो, आणि तो दर वेळी अॅलर्जीचाच असतो असं नाही. तरी मुलाला दाखवून घ्या. मात्र पहिल्या तासाभरातच अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, दम लागला, गरगरलं, तर थांबू नका. पुढची गोळी द्यायची नाही. 108 ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या दवाखान्यात पोचा. तिथं मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. घरगुती उपायात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत. मी हे पाहिलंय, म्हणून कळकळीनं सांगतोय.

गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे रोगावर ठरतं. पूर्वी आम्ही सरसकट लांब कोर्स देत होतो. आता मुलांच्या साध्या न्यूमोनियाला तीन ते पाच दिवस पुरतात असं दिसून आलंय. उलट स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं घसा धरला असेल तर दहा दिवस लागतात, घशाचं दुखणं तिसऱ्या दिवशी थांबलं तरीही. कारण ती लागण अर्धवट राहिली तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. उदगीर-लातूरला झडपेसाठी खेटे घालणारी तरुण पोरं मी पाहिली आहेत. तेव्हा डॉक्टरांनी लिहिले तेवढे दिवस, ठरल्या वेळी. मग डब्यात ठेवायला काही उरतच नाही.

लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीत कोरडी पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरा. नंतर गार जागी ठेवा आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपले की टाकून द्या. माप बाटलीबरोबर येतं तेच वापरा, घरातले चमचे लहान-मोठे असतात. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे थोरल्याचं माप धाकटीला चालत नाही.

औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मूत्रपिंडाचा आजार आहे का, रक्त पातळ करणारी गोळी किंवा मेथोट्रेक्सेट चालू आहे का, आणि पूर्वी पेनिसिलिननं काही झालं होतं का. अमेरिकेत दर शंभरातले दहा जण आपल्याला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे असं सांगतात, आणि तपासल्यावर त्यातल्या बहुतेकांना ती नसते. म्हणून "नाही सोसत" एवढ्यावर थांबू नका. काय झालं, किती वेळात झालं, कोणत्या औषधानं झालं, ते सांगा.

माझ्याकडे वलांडीकडून एक आजी येत. त्यांना एकदा पेनिसिलिनच्या इंजेक्शननं जोरात त्रास झाला होता. मी एका चिठ्ठीवर औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहून दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती चिठ्ठी आधार कार्डाच्या पिशवीत घातली, आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात गेल्या की नाव सांगायच्या आधी तीच पुढे करत.